गोलरक्षकाची एकच जागा

फुटबॉल संघातील दहा खेळाडूंना गरजेनुसार जागा बदलता येते. बचावपटू मधल्या फळीत खेळू शकतो, मधल्या फळीतील खेळाडू आघाडीवर जाऊ शकतो. गोलरक्षकाला ही मुभा नाही. संघात त्याची जागा एकच असते आणि ती एकदा दुसऱ्याकडे गेली की त्याच्या वाट्याला राखीव खेळाडूंचे बाकच येते. त्यामुळे चांगल्या गोलरक्षकांची टंचाई निर्माण झाली, की केवळ गुणवत्तेचा शोध घेऊन भागत नाही. खेळायला मिळणाऱ्या जागा किती, हेही तपासावे लागते. इंग्लंडमध्ये या टंचाईची चर्चा दोन दशकांहून अधिक काळ चालली आहे. महाराष्ट्रात आणि कामठीसारख्या फुटबॉलवेड्या गावात मात्र तिची कारणे वेगळी आहेत.

इंग्लंड : विपुलतेकडून टंचाईकडे

एकेकाळी इंग्लंडकडे गोलरक्षकांची रेलचेल होती. १९६६च्या विश्वविजेत्या संघाचा गोलरक्षक गॉर्डन बँक्स याने १९७०च्या विश्वचषकात पेलेचा हेडर अडवला. तो बचाव आजही सर्वोत्कृष्ट बचावांत गणला जातो. त्यानंतर पीटर शिल्टन आणि रे क्लेमन्स हे दोघे एकाच काळात उपलब्ध होते. शिल्टन १२५ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. तरीही क्लेमन्सच्या वाट्याला ६१ सामने आले.

हे चित्र १९९०च्या दशकात पालटले. १९९२मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि त्याच वर्षी सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताळण्यास बंदी आली. गोलरक्षकाचे पायही हातांइतकेच महत्त्वाचे ठरले. डिसेंबर १९९५मधील बॉसमन निकालाने युरोपीय खेळाडूंवरील मर्यादा उठल्या. पैसा होता, बाजारपेठ खुली होती. मोठ्या क्लबांनी तयार गोलरक्षक परदेशातून आणले. डेव्हिड सीमनने २००३मध्ये आर्सेनल सोडल्यावर २०२१मध्ये अॅरन रॅम्सडेल येईपर्यंत त्या क्लबचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक इंग्लिश नव्हता. २०२३मध्ये स्पेनच्या डेव्हिड रायाने रॅम्सडेलचीही जागा घेतली.

राष्ट्रीय संघाला याची किंमत मोजावी लागली. नोव्हेंबर २००७मध्ये वेम्ब्लीवर क्रोएशियाविरुद्ध स्कॉट कार्सनच्या हातून चूक झाली, इंग्लंड २-३ असे हरले आणि २००८च्या युरो स्पर्धेला मुकले. २०१०च्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध रॉबर्ट ग्रीनच्या हातातून चेंडू निसटला. २०१०-११ पासून प्रत्येक क्लबच्या पंचवीस जणांच्या यादीत आठ स्थानिक घडणीचे खेळाडू असावेत, असा नियम आला. परंतु तो यादीपुरता आहे, मैदानातील अकरा जणांना लागू नाही. तोच कार्सन पुढे मँचेस्टर सिटीत तिसरा गोलरक्षक म्हणून अनेक हंगाम राहिला. त्याच्या वाट्याला सामने मात्र क्वचितच आले.

याउलट जॉर्डन पिकफर्ड घडला तो खालच्या विभागांत. डार्लिंग्टन, अॅल्फ्रेटन, बर्टन, कार्लाइल, ब्रॅडफर्ड, प्रेस्टन अशा क्लबांत तो लोनवर जाऊन खेळत राहिला. २०१८च्या विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध इंग्लंडने पहिल्यांदाच विश्वचषकातील पेनल्टी शूटआउट जिंकला, तेव्हा गोलमध्ये तोच होता. सराव कितीही केला तरी सामन्याची बरोबरी त्याला येत नाही, हे त्याच्या वाटचालीवरून दिसते.

भारतातील उलटा हिशेब

भारतात २०१४मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा परदेशी गोलरक्षकांना मागणी होती. इंग्लंडचा माजी गोलरक्षक डेव्हिड जेम्स हा केरळ ब्लास्टर्सचा खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत आला. पुढे मैदानात उतरवता येणाऱ्या परदेशी खेळाडूंची संख्या कमी करण्यात आली. मग क्लबांनी परदेशी जागा आघाडीपटू आणि मधल्या फळीसाठी राखल्या व गोल भारतीयांकडे सोपवला. त्यामुळे भारतीय आघाडीपटूंची उणीव भासू लागली, गोलरक्षकांना मात्र सामने मिळाले.

असे असूनही या सामन्यांत मराठी नावे विरळाच. मुंबई सिटीने २०२०-२१मध्ये विजेतेपद मिळवले ते पंजाबच्या अमरिंदर सिंगच्या साथीने. २०२४मध्ये पुन्हा करंडक जिंकताना गोल राखला सिक्कीमच्या फुरबा लाचेन्पाने. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव आघाडीवर होता. त्या संघातील तीन गोलरक्षकांत महाराष्ट्राचा कोणी नव्हता.

मिटत गेलेल्या जागा

याचे कारण गेल्या काही वर्षांच्या इतिहासात सापडते. २०१०मध्ये महिंद्रा युनायटेड बंद झाला. २०१३मध्ये एअर इंडिया आय-लीगबाहेर गेला. त्यानंतर पुणे एफसी, भारत एफसी, मुंबई एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि २०१९मध्ये एफसी पुणे सिटी असे क्लब एकामागून एक मिटले. प्रत्येक क्लबबरोबर आघाडीपटूंच्या दोन-तीन जागा गेल्या, गोलरक्षकाची तर होती ती एकुलती जागाच गेली. १८९१पासूनची रोव्हर्स करंडक स्पर्धाही २०००-०१नंतर झाली नाही.

क्लब टिकले की काय घडते, हे शेजारच्या गोव्यात दिसते. साळगावकर, धेंपो, वास्को यांच्या स्पर्धेत ब्रह्मानंद शंखवाळकर घडले. १९८३-८४मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली गोव्याने एकही गोल न स्वीकारता संतोष करंडक जिंकला. पुढे ते अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले आणि २०२२मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीने अंतिम सामन्याच्या शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवून हैदराबाद एफसीला इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळवून दिले.

कामठीचा प्रश्न

कन्हान नदीकाठी १८२१मध्ये वसलेली कामठीची छावणी आणि तिच्या आसऱ्याने वाढलेली विणकरांची वस्ती यांनी येथे फुटबॉल रुजवला. रब्बानी क्लबसारख्या संघांमुळे नागपूर जिल्ह्याच्या फुटबॉलमध्ये कामठीचे नाव घेतले जाते. पण येथील गोलरक्षकाची पुढची वाट अरुंद आहे. क्रिकेटमध्ये विदर्भाचा स्वतंत्र रणजी संघ आहे, त्यामुळे येथील यष्टिरक्षकाला स्वतःची एक जागा मिळते. फुटबॉलमध्ये नागपूर हा महाराष्ट्राचाच एक जिल्हा. संतोष करंडक संघातील त्या एका जर्सीसाठी कामठीच्या मुलाला मुंबई, पुणे, कोल्हापूरशी झुंजावे लागते. आणि निवड झाली नाही तर खेळण्यासाठी जवळपास व्यावसायिक क्लब नाही.

दुसरी अडचण मैदानाची. कडक मुरमाड जमिनीवर झेप घेणाऱ्या मुलाची कोपरे आणि कंबर सोलवटतात. तो लवकरच झेपावण्याऐवजी पाय पुढे करण्यास शिकतो, आणि एकदा जडलेली ही सवय सहसा सुटत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. गोलसमोरच्या पट्ट्यात तरी हिरवळ राखावी. वयोगटांच्या लीग वर्षभर चालाव्यात. प्रत्येक संघाने दुसऱ्या गोलरक्षकाला ठरावीक सामने द्यावेत आणि गोलरक्षणाचा स्वतंत्र प्रशिक्षक जिल्हा पातळीवर नेमावा. परदेशी खेळाडूंना आवर घालून इंग्लंडची टंचाई कदाचित कमी होईल. महाराष्ट्रात मात्र आवर घालण्यासारखे कोणी नाही. येथे गोलच्या चौकटी वाढवाव्या लागतील. त्या वाढल्या, तरच कामठीच्या मुलाला त्यांतील एखादीसमोर उभे राहता येईल.