शंभर फ्रँकांची नोट

आम्ही उभ्या आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. उलट चाळीचाळींतून ती सोडा म्हणून सांगत फिरलो. तेव्हा आम्ही फ्रान्सच्या तांबड्या वाइनवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण पेल्यापेक्षा तो भरणाऱ्या माणसाशी आमचा संबंध आहे.

दक्षिण फ्रान्सच्या लांगदॉक प्रांतात मिनेर्व्वा नावाचा टापू आहे. कारिन्याँ, ग्रनाश, सिरा या द्राक्षांची गडद, अंगाने भरदार वाइन तेथे होते. 1985 पासून तिला सरकारमान्य प्रदेशनाम आहे. घरच्या मळ्याची बाटली त्या नावाने अभिमानाने विकली जाते. या अभिमानामागे एक लढा आहे.

1863 च्या सुमारास फायलोक्सेरा नावाची मुळे शोषणारी कीड फ्रान्समध्ये दिसली आणि मळेच्या मळे वाळले. अमेरिकन खुंटांवर कलमे करून, कर्ज काढून शेतकऱ्यांनी ते पुन्हा उभे केले. पीक तर अमाप आले, पण भाव कोसळला. त्यातच अल्जीरियाची वाइन येऊ लागली आणि साखर-पाणी घालून नकली मालही होऊ लागला. खर्च निघेना. मालकांनी मजुरीला कात्री लावली. 1904 साली मजुरांनी मोठे संप केले.

11 मार्च 1907 रोजी आर्झलिए गावचे 87 लोक नार्बोनला चौकशी समितीपुढे गेले. पुढारी होता मार्सलँ आल्बेर, गावातला छोटा मळेवाला आणि कॉफीगृहाचा चालक. मग दर रविवारी सभा भरू लागल्या. 9 जूनला माँपेलिए येथे पाच लाखांहून अधिक माणूस लोटला. संपात समोरासमोर उभे राहिलेले मालक आणि मजूर आता एकाच मिरवणुकीत चालत होते. नार्बोनचे समाजवादी नगराध्यक्ष डॉ. फेरूल यांनी राजीनामा दिला. त्यांना अटक झाली, नार्बोनमध्ये गोळीबार होऊन माणसे मेली. ते ऐकून सतराव्या पायदळ पलटणीचे सुमारे 500 शिपाई बंड करून बेझिएला चालत आले. ती त्याच मळ्यांची पोरे होती.

अशा वेळी, 23 जूनला, आल्बेर एकटाच पॅरिसला पंतप्रधान क्लेमांसो यांना भेटला. परतीच्या भाड्यासाठी त्यांनी त्याला शंभर फ्रँकांची नोट दिली आणि ही गोष्ट वर्तमानपत्रांत जाईल अशी व्यवस्था केली. भोळ्या आल्बेरने ती घेतली होती. गावी परतला तो लोकांच्या मनातून उतरलेलाच.

आम्ही त्याला हसू शकत नाही. एकदा आम्हीही मालकाच्या खोलीत एकटेच गेलो होतो. चहाखेरीज काही घेतले नाही. पण फाटकावर परतल्यावर साथींच्या डोळ्यांत जो प्रश्न दिसला, तो पुसायला आम्हांला दोन वर्षे लागली.

आल्बेर पडला, लढा मात्र वाया गेला नाही. 29 जून 1907 च्या कायद्याने प्रत्येक मळेवाल्याने आपले उत्पन्न जाहीर करणे सक्तीचे झाले आणि साखरेवर बंधन आले. सप्टेंबरात मळेवाल्यांचा महासंघ स्थापन झाला; अध्यक्ष झाले फेरूल. जवळच्या मारोसाँ गावच्या छोट्या मळेवाल्यांनी तर 1901 मध्येच सहकारी संस्था काढून पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक संस्थांना थेट माल देण्याचा मार्ग धरला होता. 1905 साली झाँ जोरेस ती पाहायला गेले होते. आपल्याकडे 1950 साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, त्यामागेही हीच समज होती.

एका माणसावर उभी राहिलेली चळवळ शंभर फ्रँकांनी डळमळते. हिशेबाची वही, सभासदांची सभा आणि कायद्याचे कलम यांवर उभी राहिलेली चळवळ विकत घेणे कठीण असते. म्हणून साथींनो, मालकाच्या दारी जाताना निदान दोघे तरी जा.