सिंदखेड राजा येथील राजवाडा

सिंदखेड राजा येथील राजवाडा : महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा या तालुक्याच्या गावी असलेला इतिहासप्रसिद्ध वाडा. निजामशाहीतील मातब्बर सरदार लखुजी जाधवराव यांचे हे राहते ठिकाण आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई यांचे जन्मस्थान. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकांच्या बोलण्यात कायम येतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा सखल प्रदेश घाटाखाली, तर अजिंठ्याच्या रांगेवरील पठार घाटावर. सिंदखेड राजा घाटावर, मराठवाड्याच्या सीमेलगत आहे. जालन्याहून मेहकरकडे जाणारा जुना मुंबई–नागपूर रस्ता राजवाड्याच्या दारावरूनच जातो. येथून जालना सु. ३० किमी.वर आहे.

सिंदखेडचे जाधवराव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लखुजींच्या काळात या घराण्याचा दबदबा वाढला. सिंदखेडची देशमुखी त्यांच्याकडे होती आणि अहमदनगरच्या निजामशाहीत त्यांच्याएवढे वजन असलेले मराठा सरदार मोजकेच होते. लखुजी व म्हाळसाबाई यांच्या पोटी १२ जानेवारी १५९८ रोजी, म्हणजे पौष पौर्णिमेला, जिजाबाईंचा जन्म झाला. वेरूळच्या भोसले घराण्यातील शहाजीराजांशी त्यांचा विवाह झाला. या सोयरिकीचा आरंभ सिंदखेडच्या रंगमहालात रंगपंचमीच्या दिवशी, दोन्ही मुले एकमेकांवर रंग उडवत असताना लखुजींच्या तोंडून निघालेल्या शब्दांनी झाला, अशी कथा बखरींच्या परंपरेतून चालत आली आहे. रंगमहाल नावाची वास्तू गावात आजही दाखवली जाते.

लखुजींनी मधल्या काळात मोगलांची चाकरी पत्करली आणि पुढे ते निजामशाहीत परतले. परतलेल्या सरदाराविषयी दरबारात संशय होताच. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या (दौलताबादच्या) किल्ल्यात मुजऱ्यासाठी आलेल्या लखुजींचा, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांच्यासह दगाफटक्याने खून करण्यात आला. या घटनेनंतर जाधवांपैकी उरलेले लोक मोगलांना मिळाले, शहाजीराजांनीही काही काळ निजामशाही सोडली. घराण्याच्या शाखा देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा अशा आसपासच्या गावांतून नांदत राहिल्या.

अठराव्या शतकात सिंदखेडचा मुलूख वारंवार लढायांच्या वाटेवर आला. तालुक्यातीलच साखरखेर्डा येथे १७२४ मध्ये निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या निजामी सत्तेचा पाया घातला. डिसेंबर १७५७ मध्ये विश्वासराव व दत्ताजी शिंदे यांच्या मराठी फौजांनी निजामाच्या पक्षातील रामचंद्र जाधव याला खुद्द सिंदखेडात कोंडले. त्याच्या मदतीला आलेल्या निजामअलीला तह करून पंचवीस लाखांचा मुलूख व नळदुर्गचा किल्ला सोडावा लागला. दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धानंतर, १८०४ मध्ये या भागातून जाणाऱ्या आर्थर वेलस्लीने सिंदखेडची नोंद उपासमारीने माणसे मरत असलेला आणि चोरांचा सुळसुळाट झालेला गाव अशी केली आहे. जाधवरावांच्या वैभवाची पडझड इतकी झाली होती.

राजवाड्याचे आज सर्वांत ठसठशीत दिसते ते रस्त्याकडे तोंड केलेले उंच प्रवेशद्वार. गाडीतून जाणाऱ्यालाही ते चुकत नाही. आत गेल्यावर मात्र वाडा उभा दिसत नाही. वरचे मजले केव्हाच पडले असून दगडी जोती, भिंतींचे अवशेष आणि जमिनीच्या पातळीखालच्या खोल्या उरल्या आहेत. जिजाबाईंचा जन्म झाला ती जागा येथेच दाखवतात आणि येणारा प्रत्येक जण तेथे थांबून नमस्कार करतो. वाड्यासमोर नगरपरिषदेने बाग केली आहे.

गावातील इतर वास्तूंवरून या घराण्याच्या ऐपतीची कल्पना अधिक येते. लखुजींची घुमटाकार दगडी समाधी आकाराने एवढी मोठी आहे, की हिंदू सरदारांच्या समाध्यांत तिची गणना अग्रक्रमाने होते. काळाकोट हा सु. २० फूट रुंदीच्या भिंतींचा कोट आहे. नीळकंठेश्वर मंदिरासमोर तळापर्यंत पायऱ्या उतरत गेलेली चौकोनी बारव आहे. पुतळा बारवेत मूर्तिकाम आहे, तर रामेश्वराचे मंदिर जाधवरावांच्याही आधीच्या काळातील आहे. पठारावरच्या या गावाला बारमाही पाणी पुरवणे हेच मोठे काम होते आणि त्यासाठी केलेली मोती तलाव व चांदणी तलाव ही बांधकामे मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. मोती तलावाचा बांध समोरून पाहिला तर किल्ल्याच्या तटासारखा भासतो. चांदणी तलावाच्या मधोमध तीन मजली इमारत बांधलेली आहे. तलाव भरला, की तिचे खालचे मजले पाण्याखाली जातात.

जून २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाचे समाधीच्या परिसरात काम चालू असताना जमिनीखाली मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची सु. १·७० मी. लांबीची व १ मी. उंचीची अखंड मूर्ती सापडली. क्लोराइट शिस्ट या मऊ दगडात कोरलेल्या या मूर्तीत विष्णूचे पाय चेपणारी लक्ष्मी आणि समुद्रमंथनाचा देखावा आहे. जाधवरावांच्या आधीही सिंदखेडला संपन्न वस्ती होती, याला या शोधाने भक्कम पुरावा मिळाला.

राजवाडा लोकांचा झाला तो जिजाबाईंमुळे. दरवर्षी १२ जानेवारीला येथे जिजाऊ जन्मोत्सव होतो. पहाटे राजवाड्यात जाधवरावांच्या वंशजांच्या हस्ते पूजा होते आणि दिवसभर राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या लोकांची रीघ लागते. मराठा सेवा संघाने गावाजवळ उभारलेल्या ‘जिजाऊ सृष्टी’ येथे याच दिवशी मोठा मेळावा भरतो. पुस्तकांची दुकाने हा या मेळाव्याचा विशेष. एरवी शाळांच्या सहलींचा राबता हिवाळ्यात अधिक असतो. जिजाबाईंचे निधन १७ जून १६७४ रोजी, शिवराज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे झाले. पाचाडचा वाडाही आज जोत्यांच्या आणि तटाच्या रूपातच उरला आहे.

समृद्धी महामार्गावरून सिंदखेड राजा येथे उतरता येते. राजवाडा पाहायला फार वेळ लागत नाही, म्हणून अनेक जण तेवढाच पाहून पुढे जातात. पण समाधी, काळाकोट, बारवा आणि दोन्ही तलाव गावात व गावालगतच असून ते पाहिल्याखेरीज जाधवरावांच्या सिंदखेडची पुरती ओळख होत नाही.