पाखराच्या पायातलं वाळं

पावसाळा सरला की भिवंडीच्या खाडीकाठी परदेशी पाणपाखरं उतरू लागतात. ती येतात कुठून, आणि बरोबर काय आणतात? साधा वाटणारा हा प्रश्न एकदा माणसांच्या जिवाशी येऊन भिडला.

१९५७ साली, त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात वानरं-माकडं मरून पडू लागली. मागोमाग रानात जाणारी माणसंही तापाने फणफणली, काही दगावली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी विषाणू हुडकला. तो रानातल्या गोचिडांच्या चाव्यातून पसरतो, हेही उमगले. पण त्याचे नाते रशियातील एका रोगाच्या विषाणूशी जुळत होते. मग तो इकडे आला कसा? संशय गेला सायबेरियाकडून येणाऱ्या पाखरांवर.

पण नुसत्या संशयावर शास्त्र चालत नाही, पुरावा हवा. १९५९ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, सालिम अलींच्या नेतृत्वाखाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने, पाखरं पकडून तपासण्याचं मोठं काम हाती घेतलं.

रीत अशी. बारीक धाग्याचं जाळं उभं ताणायचं. अडकलेलं पाखरू हलक्या हाताने सोडवायचं, पंख मोजायचा, अंगावरचे गोचीड चिमट्याने वेचायचे, रक्ताचा थेंब घ्यायचा. मग पायात क्रमांक कोरलेलं हलकं वाळं घालून त्याला सोडायचं. दूरदेशी कुणी तो क्रमांक कळवला, की पाखराची वाट उलगडते. भरतपूरला वाळं घातलेली बदकं सोव्हिएत मुलखात सापडली, ती अशीच.

निष्पन्न काय झालं? पाखरांनी हा रोग आणला, हे सिद्ध झालं नाही. प्रवासाची माहिती मात्र अमोल मिळाली. या कामात अमेरिकी लष्कराच्या एका विभागाचाही पैसा होता. त्यावरून १९७०च्या दशकात वाद संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेला. नमुना घेणं हे शास्त्र खरं. पण तो कुणासाठी घेतला, हे विचारणं हाही जनतेचा हक्कच.

२०१६ साली हा माकडताप आपल्या सिंधुदुर्गातही पसरला. म्हणून गुरुजी, मुलांना एवढं सांगाच: मेलेल्या माकडाला हात लावू नये, आरोग्य केंद्राला कळवावं. पाखरू विनापरवाना पकडू नये; १९७२ पासून कायद्यानेही त्याला बंदी आहे. पण वाळं घातलेलं पाखरू मेलेलं दिसलं, तर क्रमांक, जागा आणि तारीख सोसायटीला जरूर कळवा.