देणगी कंपनीची, बिल गरिबाचे : अमेरिकेतील मोबाईल कंपन्यांच्या विलीनीकरणाचा इतिहास

मोठी कंपनी छोट्या कंपनीला गिळायला निघते तेव्हा 'आम्हाला मक्तेदारी हवी आहे' असे ती कधीच म्हणत नाही. ती म्हणते, खेड्यापाड्यात नेटवर्क पोहोचेल, रोजगार वाढेल, गरिबाला चांगली सेवा मिळेल. आणि अनेकदा हे सांगायला गरिबांच्याच संघटना तिच्या बाजूने उभ्या राहतात. अमेरिकेत २०११ साली नेमके हेच घडले. तेव्हा सरकारने 'नाही' म्हटले. २०१९ साली तेच सरकार 'अटींसह हो' म्हणाले. या दोन निर्णयांचे परिणाम आज आपल्यासमोर आहेत. चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घेतले पाहिजेत.

अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायदा जुना आहे. १८९० चा शर्मन कायदा मक्तेदारीच्या विरोधात आला. १९१४ च्या क्लेटन कायद्याने पुढचे पाऊल टाकले. ज्या खरेदीमुळे स्पर्धा बरीच कमी होण्याची शक्यता आहे, ती खरेदी होण्याआधीच सरकार न्यायालयात जाऊन रोखू शकते. नुकसान होईपर्यंत वाट पाहायची गरज नाही.

फोनच्या धंद्यात या कायद्याचा सर्वात मोठा वापर एटी अँड टी या कंपनीविरुद्ध झाला. गावातला फोन, लांब पल्ल्याचा कॉल, फोनचे यंत्र बनवण्याचा कारखाना, सगळे तिच्याच हातात होते. १९७४ मध्ये सरकारने खटला भरला, १९८२ मध्ये तडजोड झाली आणि १ जानेवारी १९८४ पासून तिचा स्थानिक फोनचा धंदा सात प्रादेशिक कंपन्यांत विभागला गेला. पण भांडवलाची स्मरणशक्ती दांडगी असते. याच सातांपैकी एका कंपनीने आपल्या भावंडांना एकेक करून विकत घेतले, २००५ साली खुद्द आईलाही विकत घेतले आणि तिचेच नाव लावले. तोडलेली मक्तेदारी पुन्हा जुळत गेली.

२० मार्च २०११ रोजी याच नव्या एटी अँड टीने टी-मोबाईल यूएसए ही कंपनी ३९ अब्ज डॉलरला विकत घेण्याची घोषणा केली. तेव्हा देशभर सेवा देणाऱ्या चारच कंपन्या होत्या : व्हेरिझॉन, एटी अँड टी, स्प्रिंट आणि टी-मोबाईल. देशातील ९० टक्क्यांहून अधिक मोबाईल जोडण्या या चौघींकडे होत्या. त्यात टी-मोबाईल सर्वात लहान आणि सर्वात स्वस्त. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये अमेरिकेत आणणारी कंपनी हीच. मोठ्यांना दर खाली ठेवायला भाग पाडणारी ही एक कंपनी बाजारातून उचलायची, हा त्या सौद्याचा खरा अर्थ होता.

एटी अँड टीने मात्र वेगळीच भाषा वापरली. हा सौदा झाला तर आम्ही ९७ टक्के अमेरिकन जनतेपर्यंत फोर-जी नेऊ, असे तिने सांगितले. ऑगस्टमध्ये कंपनीच्या वकिलांचे एक गोपनीय पत्र चुकून दूरसंचार आयोगाच्या संकेतस्थळावर चढले आणि पितळ उघडे पडले. ८० टक्क्यांवरून ९७ टक्क्यांपर्यंत जाण्याचा खर्च होता सुमारे ३.८ अब्ज डॉलर, म्हणजे खरेदीच्या किमतीच्या जेमतेम एक दशांश. मग ग्रामीण भागातल्या नेटवर्कसाठी प्रतिस्पर्धी गिळण्याची गरज काय होती? गरज नेटवर्कची नव्हतीच.

आता आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचा भाग. या सौद्याला पाठिंबा देणारी पत्रे आयोगाकडे कोणी पाठवली? त्यात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली स्थापन झालेली एनएएसीपी ही संघटना होती. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, ते या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. समलैंगिकांच्या हक्कांसाठी काम करणारी ग्लाड ही संस्थाही पाठिंब्याच्या रांगेत होती. दोन्ही संस्थांना एटी अँड टीकडून देणग्या मिळत होत्या. हे उघड झाल्यावर ग्लाडच्या अध्यक्षांना जून २०११ मध्ये पद सोडावे लागले.

देणगी मिळाली म्हणूनच पाठिंबा दिला, असा थेट आरोप मी करणार नाही. एटी अँड टीमध्ये कामगार संघटना होती, टी-मोबाईलमध्ये ती बांधू दिली जात नव्हती. म्हणून दूरसंचार कामगारांची सीडब्ल्यूए ही संघटनाही सौद्याच्या बाजूने होती. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण प्रश्न असा आहे की, स्वस्त फोन वापरणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाचे महिन्याचे बिल वाढेल का, हे या पत्रांमध्ये कोण विचारत होते? तो प्रश्न कलर ऑफ चेंजसारख्या कृष्णवर्णीयांच्याच दुसऱ्या संघटनेने विचारला आणि सौद्याला विरोध केला. समाज एकच, पण एक संघटना कंपनीने काय दिले ते पाहत होती आणि दुसरी, कंपनी काय काढून घेणार आहे ते.

३१ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने वॉशिंग्टनच्या न्यायालयात खटला दाखल केला. त्याच दिवशी सकाळी एटी अँड टीने परदेशात गेलेल्या ५,००० कॉल सेंटर नोकऱ्या परत आणण्याचे आश्वासन दिले होते. सरकार बधले नाही. नोव्हेंबरमध्ये दूरसंचार आयोगानेही विरोधाचा पवित्रा घेतला आणि १९ डिसेंबरला कंपनीने सौदा सोडून दिला. करारानुसार तिला टी-मोबाईलच्या मालकाला ३ अब्ज डॉलर रोख आणि वर स्पेक्ट्रम द्यावे लागले.

पुढे काय झाले? जी कंपनी एकटी जगू शकणार नाही असे सांगितले जात होते, तिने २०१३ मध्ये दोन वर्षांच्या कराराची सक्ती रद्द केली. ग्राहकाला दुसऱ्या कंपनीतून बाहेर पडण्यासाठी लागणारा दंड ती स्वतः भरू लागली. मोठ्या कंपन्यांनाही हळूहळू मागे यावे लागले. एका 'नाही'ने कोट्यवधी ग्राहकांना जे दिले, ते कोणत्याही आश्वासनाने दिले नव्हते.

२०१४ मध्ये स्प्रिंटने टी-मोबाईल घेण्याचा विचार केला, पण सरकारचा कल पाहून माघार घेतली. सरकार बदलले आणि २९ एप्रिल २०१८ रोजी टी-मोबाईलने स्प्रिंटला घेण्याचा २६ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला. चाराच्या तीन कंपन्या होणार होत्या. या वेळी सीडब्ल्यूए विरोधात होती. न्याय खात्याने मात्र जुलै २०१९ मध्ये तडजोड केली : स्प्रिंटची बूस्ट ही प्रीपेड सेवा डिश या कंपनीला विकायची आणि डिशने नवे नेटवर्क उभारून चौथी कंपनी व्हायचे. प्रीपेड कोण वापरतो? ज्याची पत नाही, ज्याच्याकडे महिन्याच्या शेवटी पैसे उरत नाहीत, तो. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाच्या पुढाकाराने १३ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी न्यायालयात गेली. डिश खरोखर चौथी कंपनी होईल, यावर न्यायाधीशांनी विश्वास ठेवला आणि ११ फेब्रुवारी २०२० रोजी राज्ये हरली.

निकाल इतिहासाने दिला. पहिल्या दिवसापासून रोजगार वाढतील असे सांगणाऱ्या टी-मोबाईलने २०२३ मध्ये ५,००० जणांना काढण्याची घोषणा केली. २०२४ मध्ये जुन्या ग्राहकांचे दर वाढवले. २०२५ मध्ये डिशची मालक कंपनी एकोस्टारने आपले स्पेक्ट्रम मोठ्या प्रमाणावर विकायला काढले. त्यातले २३ अब्ज डॉलरचे एटी अँड टीनेच घेण्याचे ठरवले. चौथे नेटवर्क विरले. टी-मोबाईलचे फाइव्ह-जी वेगवान झाले हे खरे आहे. पण वेगवान गाडीचे तिकीट कोण ठरवणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आश्वासन मोडले तर कंपनी एक खुलासा देऊन मोकळी होते. पण गेलेला प्रतिस्पर्धी परत येत नाही. कोणतीही मोठी कंपनी आपल्या कार्यक्रमाला देणगी देईल, शिष्यवृत्ती देईल, जयंतीला जाहिरात देईल. ते घ्यायचे की नाही, हा संघटनेचा निर्णय. पण त्या पैशाच्या बदल्यात आपल्या समाजाचे नाव तिच्या अर्जाला जोडण्याचा अधिकार कोणत्याही पदाधिकाऱ्याला नाही. सही करण्याआधी एवढेच विचारावे : हा सौदा झाल्यावर आपल्या वस्तीतल्या माणसाकडे दुसरी कंपनी निवडायची सोय उरेल का? उत्तर 'नाही' असेल, तर आपलेही उत्तर 'नाही' असले पाहिजे.