धुळीच्या पडद्याआडचे केंद्रक : रॉबर्ट अँटोनुची यांचे संशोधन आणि त्यानंतरची चार दशके

बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी लक्षावधी ते अब्जावधी सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर असते. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी असलेले कृष्णविवर सध्या बरेचसे शांत आहे. काही दीर्घिकांत मात्र आसपासचा वायू तबकडीच्या रूपाने फिरत फिरत कृष्णविवराकडे ओढला जातो आणि घर्षणाने इतका तापतो की, सूर्यमालेएवढ्या जागेतून निघणारा त्याचा प्रकाश अब्जावधी ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशाशी बरोबरी करतो. अशा मध्यभागाला ‘सक्रिय दीर्घिका केंद्रक’ म्हणतात. क्वेसार हे त्याचे सर्वांत तेजस्वी रूप होय.

या केंद्रकाभोवती वायूबरोबर धूळही असते. खगोलशास्त्रात धूळ म्हणजे सिलिकेट आणि ग्राफाइट यांसारख्या द्रव्यांचे, बहुतांशी एक मायक्रोमीटरहून लहान असे घन कण. हे कण दृश्य व अतिनील प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे स्वतः तापतात आणि ती ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतात. म्हणून धूळ एकाच वेळी दोन गोष्टी करते : डोळ्यांना दिसणारे तेज झाकते आणि अवरक्त दुर्बिणीला स्वतः उजळलेली दिसते. या धुळीचे खरे महत्त्व १९८५ साली लक्षात आले. त्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट अँटोनुची आणि त्यांचे सहकारी जोसेफ मिलर यांच्याकडे जाते.

दोन प्रकारांचे कोडे

तिमिंगल तारकासमूहात सुमारे ४ कोटी ७० लाख प्रकाशवर्षे अंतरावर एनजीसी १०६८ ही सर्पिल दीर्घिका आहे. मेसिए यांच्या यादीत तिचा क्रमांक ७७ आहे. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत एडवर्ड फाथ यांना १९०८ मध्ये तिच्या वर्णपटात ठळक उत्सर्जन रेषा आढळल्या. ताऱ्यांच्या नेहमीच्या प्रकाशात अशा रेषा अपेक्षित नसतात. १९४३ मध्ये कार्ल सायफर्ट यांनी अशा सहा दीर्घिकांचा बारकाईने अभ्यास केला आणि पुढे या वर्गाला ‘सायफर्ट दीर्घिका’ हे नाव पडले.

१९७४ मध्ये खाचिकियान आणि वीडमन यांनी या दीर्घिकांचे दोन प्रकार सविस्तर मांडले. पहिल्या प्रकारात हायड्रोजनच्या रेषा फार रुंद दिसतात. त्यांच्या रुंदीवरून सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगाने धावणारा वायू सूचित होतो. इतका वेग कृष्णविवराच्या अगदी निकटच संभवतो. दुसऱ्या प्रकारात केवळ अरुंद रेषा दिसतात. त्या सेकंदाला काही शे किलोमीटर वेगाच्या, केंद्रकापासून दूर असलेल्या वायूतून येतात. एनजीसी १०६८ ही दुसऱ्या प्रकारातील सर्वांत परिचित दीर्घिका ठरली. मग प्रश्न असा होता की, दुसऱ्या प्रकारात वेगवान वायू मुळातच नसतो, की असूनही आपल्याला दिसत नाही?

धुरावर उजळलेला दिवा

देवळाच्या गाभाऱ्यातील समई खांबाआड गेली, तर सभामंडपात बसलेल्याला तिची ज्योत दिसत नाही. पण वर चढणाऱ्या धुपाच्या धुरावर तिचा उजेड पडत असेल, तर तो धूर पाहून आड दिवा आहे हे कळते, आणि त्या उजेडाचा रंग तपासला तर दिवा कसला हेही सांगता येते. अँटोनुची आणि मिलर यांची युक्ती तत्त्वतः हीच होती.

प्रकाश जेव्हा कणांवरून विखुरला जातो, तेव्हा त्याची कंपने एका विशिष्ट दिशेत अधिक होऊ लागतात. यालाच ध्रुवण म्हणतात. थेट आलेला प्रकाश बहुधा अध्रुवित असतो, विखुरलेला मात्र ध्रुवित. त्यामुळे केवळ ध्रुवित प्रकाशाचा वर्णपट वेगळा काढला, तर आडून आलेला उजेड थेट उजेडातून निवडून घेता येतो. अँटोनुची यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रेडिओ दीर्घिकांच्या निरीक्षणांत ३सी २३४ या दीर्घिकेबाबत अशा प्रकारची खूण आधीच दिसली होती. त्यानंतर लिक वेधशाळेच्या ३ मीटर दुर्बिणीने एनजीसी १०६८ च्या ध्रुवित प्रकाशाचा वर्णपट घेण्यात आला.

निष्कर्ष निःसंदिग्ध होता. साध्या वर्णपटात न दिसणाऱ्या रुंद रेषा ध्रुवित वर्णपटात स्पष्ट उमटल्या. तो वर्णपट पहिल्या प्रकारच्या सायफर्ट दीर्घिकेसारखाच होता. दीर्घिकेतील ताऱ्यांचा उजेड वजा केल्यावर केंद्रकाच्या प्रकाशाचे ध्रुवण सुमारे १६ टक्के भरले आणि तरंगलांबी बदलली तरी ते जवळजवळ तेवढेच राहिले. धूलिकणांवरून होणारे प्रकीर्णन तरंगलांबीनुसार बदलते, मुक्त इलेक्ट्रॉनांवरून होणारे बदलत नाही. म्हणजे येथे आरशाचे काम मुख्यतः तप्त वायूतील इलेक्ट्रॉन करीत होते. शिवाय ध्रुवणाची दिशा केंद्रकातून निघणाऱ्या रेडिओ झोताच्या अक्षाला लंब होती. यावरून प्रकाश अक्षाच्या दिशेने वर निघतो, तेथील इलेक्ट्रॉनांवर आदळतो आणि मग आपल्याकडे वळतो, हे सिद्ध झाले. आपल्या दिशेचा सरळ मार्ग मात्र कशाने तरी अडविलेला होता.

तो अडसर म्हणजे कृष्णविवराभोवतीचे, जाड वड्यासारखे मध्ये पोकळ असलेले धूलिवलय, अशी मांडणी पुढे आली. वलयाच्या पोकळीतून पाहणाऱ्याला पहिला प्रकार दिसतो, कडेने पाहणाऱ्याला दुसरा. म्हणजे दोन प्रकार हे दोन स्वतंत्र वस्तू नसून एकाच वस्तूची दोन दर्शने ठरतात. अँटोनुची यांनी १९९३ मध्ये एका विस्तृत आढाव्यात या ‘एकत्रीकरण प्रारूपा’ची साधकबाधक चर्चा केली. तो लेख आजही या विषयाचा पायाभूत संदर्भ मानला जातो.

धुळीचे अंतर कसे मोजतात?

केंद्रकाच्या अगदी जवळ धूळ टिकू शकत नाही. सुमारे १,५०० केल्विन तापमानाला तिच्या कणांची वाफ होते. त्यामुळे वलयाची आतली कड कोठे असेल हे केंद्रकाच्या तेजावर ठरते. तेज चौपट झाले, तर कड दुपटीने दूर सरकते.

ही कड प्रत्यक्ष मोजण्याचा एक मार्ग म्हणजे प्रकाशाचा प्रतिध्वनी. केंद्रकाचा प्रकाश कमीजास्त होत असतो. दृश्य प्रकाशात वाढ दिसल्यानंतर धूळ तापून अवरक्त किरणांत वाढ दिसेपर्यंत जो काळ जातो, तो प्रकाशाला धुळीपर्यंत पोचायला लागलेला काळ होय. फेअरॉल ९ या तेजस्वी केंद्रकाच्या बाबतीत हा विलंब सुमारे ४०० दिवस असल्याचे १९८९ मध्ये दाखविण्यात आले. एनजीसी ५५४८ मध्ये तो सुमारे ५० दिवस भरला. हे मापन हवाई बेटांवरील हालेआकाला पर्वतावरच्या मॅग्नम दुर्बिणीने केले होते. लडाखमधील हान्ले येथील २ मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीतूनही भारतीय संशोधकांनी असे विलंब मोजले आहेत.

दुसरा मार्ग व्यतिकरणमापनाचा. एनजीसी १०६८ चे वलय एकट्या दुर्बिणीला वेगळे दिसू नये इतके लहान आहे. दूर अंतरावरच्या दोन दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणला, की त्या अंतराएवढ्या मोठ्या दुर्बिणीची सूक्ष्मता मिळते. चिलीतील पारानाल येथील मोठ्या दुर्बिणी अशा रीतीने जोडून २००४ मध्ये एनजीसी १०६८ चे पहिले निर्णायक मापन प्रसिद्ध झाले. आत ८०० केल्विनहून अधिक तप्त असा छोटा भाग आणि त्याभोवती सुमारे ३२० केल्विन तापमानाची, ३.४ पार्सेक म्हणजे साधारण ११ प्रकाशवर्षे विस्ताराची धूळ आढळली. २०१६ मध्ये चिलीतीलच आल्मा या रेडिओ दुर्बीणसंचाने सुमारे ७ ते १० पार्सेक व्यासाची थंड वायू-धुळीची तबकडी दाखविली. धूलिवलय आता केवळ अनुमान राहिले नव्हते.

प्रारूपाला आलेले तडे

मात्र जवळून पाहिल्यावर चित्र गुंतागुंतीचे झाले. पहिली अडचण जाडीची होती. फिरणारा थंड वायू चपटा व्हायला हवा, मग वलय जाड कसे राहते? क्रोलिक आणि बेगेलमन यांनी १९८८ मध्येच सुचविले होते की, वलय एकसंध नसून सुट्या ढगांचे बनलेले असावे. नूस्टार या क्ष-किरण दुर्बिणीला ऑगस्ट २०१४ मध्ये एनजीसी १०६८ च्या केंद्रकाचे उच्च ऊर्जेचे किरण तात्पुरते वाढलेले दिसले. पडद्यातील ढग सरकून काही काळ फट पडली, हे त्याचे स्पष्टीकरण या कल्पनेशी जुळणारे आहे.

दुसरी अडचण अधिक मूलभूत होती. एनजीसी ४२४, एनजीसी ३७८३ आणि सर्किनस यांसारख्या दीर्घिकांत मध्य-अवरक्त प्रकाशाचा मोठा भाग वलयाच्या प्रतलातून न येता अक्षाच्या दिशेने पसरलेल्या धुळीतून येतो, असे २०१२ नंतरच्या मापनांनी दाखविले. किरणांच्या दाबाने धूळ वर उडविली जात असावी, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे स्थिर वड्याऐवजी तबकडी आणि तिच्यातून उठणारा धुळीचा वारा, असे जिवंत रूप पुढे येते. तिसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या सगळ्या सायफर्ट दीर्घिकांत लपलेल्या रुंद रेषा सापडत नाहीत. एका परिचित पाहणीत त्या सुमारे निम्म्यांतच आढळल्या. काही केंद्रकांत त्या खरोखरच नसाव्यात. खुद्द अँटोनुची यांनीही काही रेडिओ दीर्घिकांत लपलेला क्वेसार नसतो, हे पुढे आग्रहाने मांडले.

एनजीसी १०६८ बाबतही मतभेद झाले. २०२० मध्ये ग्रॅव्हिटी उपकरणाच्या निरीक्षणांतून ०.२४ पार्सेक त्रिज्येचे तप्त धुळीचे पातळ कडे दिसले आणि जाड वलयाबद्दल शंका घेण्यात आली. २०२२ मध्ये व्हिओलेता गामेस रोसास आणि सहकाऱ्यांनी मातिस उपकरणाने धुळीच्या तापमानाचा नकाशा तयार केला. कृष्णविवर त्या कड्याच्या मध्यभागी नसून दाट धुळीच्या जाड पट्ट्याआड आहे, असा त्यांचा निष्कर्ष मूळ प्रारूपाला बळ देणारा ठरला.

हा वाद महत्त्वाचा का?

धूळ किती आणि कोठे आहे, यावर विश्वातील कृष्णविवरांची मोजदाद अवलंबून आहे. सर्व दिशांनी येणाऱ्या मंद क्ष-किरणांची पार्श्वभूमी समजून घ्यायची, तर दिसणाऱ्या केंद्रकांशिवाय झाकलेली केंद्रकेही मोठ्या संख्येने असावी लागतात. केवळ उघडी केंद्रके मोजली, तर कृष्णविवरांच्या वाढीचा मोठा भाग हिशेबातून सुटतो. उडविलेली धूळ आणि वायू दीर्घिकेत नवे तारे घडण्यावरही परिणाम करू शकतात. या विषयाची सैद्धांतिक बाजू समजून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी पुण्याच्या आयुकाशी निगडित अजित केंभावी आणि जयंत नारळीकर यांचा क्वेसार व सक्रिय केंद्रकांवरील इंग्रजी ग्रंथ १९९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाने प्रसिद्ध केला आहे.

एनजीसी १०६८ ने नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा लक्ष वेधले. दक्षिण ध्रुवावरील आइसक्यूब वेधशाळेला तिच्या दिशेने येणारे सुमारे ७९ जादा न्यूट्रिनो आढळल्याचे जाहीर झाले. तितक्या प्रमाणात उच्च ऊर्जेचे गॅमा किरण मात्र तेथून येत नाहीत. केंद्रकाच्या निकटच्या दाट परिसरात ते शोषले जात असावेत. ज्या पडद्याआडचा प्रकाश अँटोनुची यांनी आडवाटेने टिपला, त्याच पडद्यातून हे कण सरळ पार होऊन पृथ्वीवर पोचतात. त्यामुळे झाकलेल्या केंद्रकाच्या अभ्यासाला ध्रुवित प्रकाश आणि अवरक्त किरण यांच्या जोडीला तिसरा साक्षीदार मिळाला आहे.