पब्लिक हाउस : खाजगी घर, सार्वजनिक खोली

मागच्या वेळी आपण लंडनच्या जुन्या कॉफीगृहांमध्ये फिरलो. आज शहर सोडून खेड्यात जायचं आहे, आणि तिथल्या पबमध्ये थोडा वेळ बसायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. 'पब' म्हटलं की आपल्यापुढे मुंबई-पुण्यातली कानठळ्या बसवणारी जागा उभी राहते. 'बार' म्हटलं की परमिट रूम, मंद दिवे आणि कुणी ओळखीचं बघत नाही ना याची खात्री करून आत शिरणारी माणसं. ही दोन्ही चित्रं आज बाजूला ठेवायची. इंग्लिश खेड्यातल्या पबमध्ये दुपारी आजीआजोबा जेवायला येतात, शेतकरी कुत्र्याला घेऊन येतो, रविवारी चर्चमधून निघालेली मंडळी तशीच समोरच्या पबमध्ये शिरतात. कुणी दारू न पिता नुसतं लिंबाचं सरबत घेऊन तासभर बसलं, तरी त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

'पब' म्हणजे 'पब्लिक हाउस'. या दोन शब्दांतच गंमत आहे. घर कुणाचं तरी खाजगी, पण दार सगळ्यांना उघडं. मग त्या खोलीवर हक्क कुणाचा? मालकाचा, सरकारचा, की रोज तिथे येऊन बसणाऱ्या गिऱ्हाइकाचा? लोक ज्याला 'पबचं वातावरण' म्हणतात ते या प्रश्नाच्या ओढाताणीतूनच घडलं आहे, असं आमचं म्हणणं आहे.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू या. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तीन प्रकारच्या जागा होत्या. 'इन' म्हणजे वाटसरूंची सराई. 'टॅव्हर्न' म्हणजे वाइन विकणारी जागा, ऐपतदारांची. आणि 'एलहाउस' म्हणजे साध्या माणसाचा गुत्ता. खेड्यात बहुतेक ठिकाणी हा तिसरा प्रकार. त्या काळी एल घरोघरी बायकाच बनवायच्या. हॉप्स न घातलेली एल फार दिवस टिकत नसे. म्हणून एल तयार झाली की घराबाहेर एका काठीला झुडपाची फांदी बांधायची. ती खूण बघून शेजारीपाजारी यायचे, चुलीजवळच्या बाकावर बसायचे, पिऊन जायचे. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक दुकानात गेलंच नव्हतं, ते कुणाच्या तरी घरी गेलं होतं.

पंधराव्या शतकात समुद्रापलीकडच्या सखल प्रदेशांतून हॉप्स घातलेली बिअर इंग्लंडमध्ये रुजू लागली. ती जास्त टिकायची, दूर नेता यायची. मग धंदा मोठा होत गेला, भांडवल लागू लागलं, आणि हळूहळू तो बायकांच्या हातून निसटला. सरकारचं लक्षही याच सुमारास गेलं. १५५२ च्या कायद्याने एलहाउस चालवायला स्थानिक दंडाधिकाऱ्यांचा परवाना लागू झाला. १५७७ मध्ये मोजणी झाली, तेव्हा ज्या परगण्यांचे आकडे आले तेवढ्यांतच १४ हजारांहून अधिक एलहाउसेस निघाली. सराया त्या मानाने थोड्या, टॅव्हर्न्स त्याहूनही थोड्या. गरीब माणसं एकत्र बसतात ही गोष्ट राज्यकर्त्यांना नेहमीच थोडी खुपते, ती तेव्हाही खुपत होती.

आता तुम्ही म्हणाल, स्वयंपाकघरातलं ते बसणं आज कुठे बघायला मिळेल? बर्कशरमधल्या ऑल्डवर्थ गावात 'द बेल' नावाचा पब आहे. अडीचशेहून अधिक वर्षं एकाच कुटुंबाकडे. तिथे काउंटर नाही. भिंतीत काचेची तावदानं असलेली एक खिडकी आहे, तिथून बिअर मिळते. डॉर्सेटच्या किनाऱ्याजवळ वर्थ मॅट्रॅव्हर्स गावातल्या 'स्क्वेअर अँड कंपस'मध्येही असंच खिडकीतून घ्यायचं आणि बाहेर दगडी बाकावर समुद्राकडे तोंड करून बसायचं. आपण ज्याला पबची ओळख समजतो तो लांबलचक लाकडी काउंटर मुळात खेड्यातला नाहीच. तो एकोणिसाव्या शतकात शहरांतल्या झगमगीत जिनच्या दुकानांतून आला. गर्दीला झटपट माल देता यावा म्हणून.

१८३० चा बिअर कायदा हा पुढचा मोठा टप्पा. दोन गिनी भरायच्या आणि कर भरणाऱ्या कुठल्याही घरमालकाने बिअर विकायला सुरुवात करायची. दंडाधिकाऱ्यांची परवानगी नको. हेतू असा की जिनचं व्यसन कमी व्हावं आणि मोठ्या उत्पादकांची मक्तेदारी मोडावी. पहिल्या काही महिन्यांतच हजारो नवी बिअरगृहं उघडली. सुतार, लोहार, विधवा बाया, ज्याने त्याने पुढची खोली मोकळी करून बाकं मांडली. १८६९ मध्ये सरकारने पुन्हा दोर आवळला, पण तोवर आज आपण बघतो त्यातले कित्येक छोटे पब जन्माला आले होते.

या खोलीत केवळ पिणं होत नव्हतं, हे लक्षात घ्या. गावात दुसरी सार्वजनिक खोली म्हणजे चर्च. मग संशयास्पद मृत्यूची चौकशी पबमध्ये, आजारपणासाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळांच्या सभा पबमध्ये, लिलाव पबमध्ये. मजुरांचा पगारसुद्धा कित्येकदा पबमध्येच वाटला जायचा, आणि त्यातला बराचसा तिथेच राहायचा! घरी वाट बघणाऱ्या बाईचं काय होत असेल, कल्पना करा. अखेर १८८३ मध्ये पबमध्ये पगार वाटायला कायद्याने बंदी आली. पबच्या उबेबद्दल बोलताना ही बाजू विसरून चालणार नाही.

खोली सर्वांची होती का? तर नाही. व्हिक्टोरियन काळात एका छपराखाली अनेक खोल्या झाल्या. 'पब्लिक बार'मध्ये लाकडी बाकं, उघडी फरशी, कामाच्या बुटांनी आलेले मजूर. 'सलून'मध्ये गालिचा, गादीच्या खुर्च्या, आणि तीच बिअर थोडी महाग. 'स्नग' म्हणजे आडोशाची छोटी खोली. ज्यांना चारचौघांत दिसायचं नव्हतं त्यांच्यासाठी, आणि बऱ्याचदा बायकांसाठी. १९८२ पर्यंत लंडनमधल्या 'एल व्हिनो' या वाइन बारमध्ये बायकांना काउंटरपाशी उभं राहून पेय मागता येत नव्हतं, टेबलावर बसून वाट बघावी लागे. प्रकरण अपील न्यायालयात गेलं आणि तो नियम बेकायदा ठरला. वर्णाचंही तसंच. स्मेथिकसारख्या औद्योगिक गावांत पंजाबहून आलेल्या कामगारांना काही पबमध्ये वेगळ्या खोलीत बसवत, नाहीतर सरळ नकार देत. १९६५ च्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक जागांतला हा भेद बेकायदा ठरवला. म्हणजे दारावर 'पब्लिक' लिहून भागत नाही. त्या शब्दाचा अर्थ गिऱ्हाइकांना भांडून मिळवावा लागला.

वेळेचं बंधन फार कडक झालं ते पहिल्या महायुद्धात. दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून १९१५ पासून पब दुपारी बंद ठेवायचे, रात्री लवकर मिटायचे, असे नियम आले. बऱ्याच भागांत दुसऱ्याला पेय पाजण्यावरही बंदी होती! युद्ध १९१८ ला संपलं. दुपारची बंदी मात्र इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकली, रविवारी तर १९९५ पर्यंत. रात्री घंटा वाजते, मालक 'शेवटची ऑर्डर' म्हणून हाक देतो, सगळे घाईने काउंटरकडे जातात. हे दृश्य पर्यटकांना फार प्राचीन वाटतं. ते घट्ट रुजवण्यात युद्धकालीन नियमांचाही हात होता.

मग खरं वातावरण कशात असतं? १९३७ पासून 'मास ऑब्झर्व्हेशन'च्या निरीक्षकांनी बोल्टन शहरातले पब अक्षरशः घड्याळ लावून न्याहाळले. ते पुस्तक १९४३ मध्ये आलं. बोल्टन गिरण्यांचं शहर, खेडं नव्हे, पण त्यांना दिसलेली एक गोष्ट कुठल्याही पबला लागू पडते. एका टोळक्यातली माणसं साधारण एकाच गतीने पितात, पेले जवळपास एकदमच रिकामे होतात. कुणी ठरवत नाही, पण सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. आळीपाळीने सगळ्यांसाठी पेयं आणायची रीतही तशीच. आपली पाळी चुकवणारा माणूस पैसे वाचवतो आणि पत घालवतो.

असे न लिहिलेले नियम बरेच. काउंटरपाशी रांग दिसत नाही, पण रांग असते. कोण आधी आलं हे मालकाला माहीत असतं आणि गिऱ्हाइकांनाही. नोट हलवून लक्ष वेधायचं नाही, नुसती नजरानजर पुरते. मालकाला बक्षिशी द्यायची नाही, 'एक तुमच्यासाठीही घ्या' म्हणायचं. बक्षिशी दिली की तो नोकर होतो. पेय देऊ केलं की तो सोबती होतो. आणि काउंटरपाशी उभं राहिलेल्या अनोळखी माणसाशी हवापाण्यावर बोलायला हरकत नाही, कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बोलायचं नाही.

जॉर्ज ऑर्वेलने फेब्रुवारी १९४६ मध्ये 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये आपल्या आवडत्या पबचं वर्णन केलं. लंडनचाच पब, पण त्यात त्याला हवं होतं ते सगळं खेड्यातल्या पबसारखं. बोलता येईल इतकी शांतता, नेहमीच्या जागी बसणारी नेहमीची माणसं, गिऱ्हाइकांना ओळखणाऱ्या बारबाया. शेवटी तो सांगतो की असा पब अस्तित्वातच नाही. गंमत म्हणजे पुढे एका मोठ्या साखळीने आपल्या कित्येक पबांना त्याच काल्पनिक पबचं नाव दिलं. नाव विकत घेता येतं, तुळया काळ्या रंगवता येतात. इंग्लंडमधले कितीतरी 'जुने' दिसणारे पब १९२० ते १९४० च्या दरम्यान ट्यूडर थाटात बांधलेले आहेत. पण नेहमीचं गिऱ्हाईक बांधता येत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तोच आज कळीचा आहे. बहुतेक पबची इमारत बिअर बनवणाऱ्या कंपनीची असायची. चालवणारा तिचा भाडेकरू, आणि माल तिच्याकडूनच घ्यायचं बंधन. १९८९ मध्ये सरकारने ही पकड सैल करायला मोठ्या कंपन्यांच्या पबसंख्येवर मर्यादा घातली. झालं भलतंच. हजारो पब बिअर न बनवणाऱ्या, मालमत्ता सांभाळणाऱ्या कंपन्यांकडे गेले. जागेची किंमत वाढत होती, आणि पबचं घर करून विकणं फायद्याचं ठरू लागलं. ब्रिटनमध्ये २००० साली सुमारे ६० हजार पब होते, वीस वर्षांनी ४७ हजारांच्या आसपास उरले. शहरात एक बंद झाला तर पुढच्या गल्लीत दुसरा असतो. खेड्यात शेवटचा पब गेला की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी जायला जागाच उरत नाही.

कंब्रियात हेस्केट न्यूमार्केट नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या 'ओल्ड क्राउन'च्या मागे एका कोठारात १९८८ मध्ये बिअर बनवायला सुरुवात झाली. १९९९ मध्ये ती भट्टी सहकारी झाली, आणि २००३ मध्ये गावकऱ्यांनी आणि चाहत्यांनी भाग घेऊन पबच विकत घेतला. सहकारी मालकीचा ब्रिटनमधला पहिला पब म्हणून तो ओळखला जातो. सहकार आपल्याला काही नवा नाही, पण गावाने एकत्र येऊन बसायची खोली विकत घ्यावी, हे नवं होतं. त्यानंतर अनेक गावांनी तोच रस्ता धरला. २०११ च्या कायद्याने त्यांना थोडा हातभार लावला. गावाने पबची नोंद 'सामुदायिक मूल्याची मालमत्ता' म्हणून करून घेतली असेल, तर तो विकायला निघाल्यावर पैसे जमवायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. मालकाने गावालाच विकावं अशी सक्ती मात्र नाही.

२० मार्च २०२० च्या रात्री महामारीमुळे देशातले सगळे पब बंद झाले. ४ जुलैला इंग्लंडमध्ये पुन्हा उघडले, तेव्हा काउंटरपाशी गर्दी करायला मनाई होती. बिअर टेबलावर येऊ लागली, जुन्या एलहाउससारखी. पण नेहमीची माणसं म्हणू लागली, काहीतरी चुकतंय. बिअर तीच, खुर्ची तीच. शेजारी उभं राहून हवापाण्यावर बोलणारा अनोळखी माणूस तेवढा नव्हता.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं. घर मालकाचं, वेळ सरकारची, पण खोली गिऱ्हाइकाची. फक्त ती फुकट मिळत नाही. कधी बायकांनी कोर्टात जाऊन मिळवली, कधी कामगारांनी दारात उभं राहून, आणि आता गावकरी भाग विकत घेऊन मिळवतायत.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.