जुनें यंत्र आणि नवा धनी

यंत्रहि वृद्ध होतें. परंतु त्याचे सर्व अवयव एकाच वेळीं थकत नाहींत. सुताराचा रंधा बापाकडून मुलाकडे जातो, तेव्हां त्याचें वय कोणी विचारीत नाहीं. पातें झिजलें तर नवें बसवितात आणि काम पुढें चालू राहतें. लांकूडकामाच्या आधुनिक कारखान्यांतील सी. एन. सी. राउटर या यंत्राची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याला लोखंडाचें शरीर आहे आणि विजेवर चालणारा मेंदूहि आहे. शरीर कित्येक वर्षें धडधाकट राहतें. मेंदू मात्र त्यापूर्वींच कालबाह्य ठरतो. अशा अर्धवृद्ध यंत्रांची खरेदी-विक्री आज जगभर चालते, आणि या व्यापाराचें मर्म यंत्राच्या जन्मकथेंतच सांपडतें.

प्रथम यंत्राचें स्वरूप पाहिलें पाहिजे. एक लांबरुंद सपाट मेज. त्यावर पुलासारखी आडवी तुळई. तुळईवर वरखालीं होणारी मोटर, आणि तिच्या टोकाला मिनिटास १८,००० ते २४,००० फेरे घेणारें पातें. हें पातें लांबी, रुंदी व खोली या तीन दिशांनीं कोठें आणि किती वेगानें सरकावें, हें सारें आंकड्यांच्या भाषेंत लिहून दिलेलें असतें. कपाटांचीं दारें, नक्षीदार तावदानें, दुकानांच्या पाट्या अशीं कामें तें बिनचूक करतें. कारागिराचा हात एकदां जसा वळला, तसें हें यंत्र हजार वेळां वळतें.

आंकड्यांनीं यंत्र चालविण्याची कल्पना मात्र लांकूडकामांतून निघालेली नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील मिशिगन प्रांतीं ट्रॅव्हर्स सिटी या गांवीं जॉन पार्सन्स नांवाचा कारखानदार हेलिकॉप्टरचीं पातीं तयार करीत असे. त्या पात्यांची वक्ररेषा अचूक कापणें हें फार जिकिरीचें काम होतें. फ्रँक स्टुलेन या अभियंत्याच्या साहाय्यानें पार्सन्सनें भोंकें पाडलेल्या कार्डांवर चालणारीं गणकयंत्रें वापरून त्या रेषेवरील पुष्कळसे बिंदु काढले. मग एकानें आंकडे मोठ्यानें वाचावयाचे आणि दोघांनीं यंत्राच्या दोन मुठी त्याप्रमाणें फिरवावयाच्या, असा प्रयोग झाला. मुठी फिरविणारी माणसें दूर करून तेथें मोटरी बसविल्या तर? या एका प्रश्नांतून पुढील सर्व इतिहास घडला.

१९४९ सालीं अमेरिकन वायुदलानें पार्सन्सला या कामाचा ठेका दिला, व त्यानें मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रसंस्थेच्या प्रयोगशाळेस मदतीस घेतलें. येथें एक लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट घडली. प्रयोगासाठीं यंत्र हवें होतें. पण संस्थेनें तें नवें घडवून घेतलें नाहीं. १९५० सालीं तिनें सिनसिनाटीच्या कारखान्यांत बनलेलें 'हायड्रो-टेल' जातीचें एक यंत्र शिलकी मालांतून विकत घेतलें. युद्ध संपल्यावर सरकारी मालकीचीं असंख्य यंत्रें निकामी पडून होतीं, आणि अशा शिलकी मालाच्या विक्रीसाठीं १९४६ सालीं अमेरिकेनें एक स्वतंत्र खातेंच उघडलें होतें. संस्थेनें वायुदलाशीं परस्पर नवा करार करून पार्सन्सला पुढील कामांतून वगळलें, ही या कथेची कडवट बाजू होय. तथापि १९५८ सालीं मूळ कल्पनेचें पेटंट त्याच्या व स्टुलेनच्या नांवें मंजूर झालें.

सप्टेंबर १९५२ मध्यें या यंत्राचें जाहीर प्रात्यक्षिक झालें. त्याच्या नियंत्रणासाठीं २५० निर्वात नळ्या आणि १७५ विद्युत्-रिले लागत, आणि एकंदर खर्च सुमारें ३,६०,००० डॉलर झाला होता. नवलाई होती ती या मेंदूची. शरीर मात्र बाजारांतून आणलेलें होतें. जुन्या शरीरावर नवा मेंदू बसविण्याचा जो उद्योग आज हजारों लहान कारखान्यांत चालतो, त्याचा पहिला नमुना हा असा या जातीच्या पहिल्याच यंत्रांत आढळतो.

एवढें महाग यंत्र विकत घेण्यास कारखानदार धजेनात, तेव्हां अमेरिकन सैन्यानें अशीं १२० यंत्रें घेऊन तीं निरनिराळ्या कारखान्यांना वापरावयास दिलीं. हळूहळू हें तंत्र धातूकडून लांकडाकडे वळलें. जपानमधील हामामात्सु येथील शोडा या कारखान्यानें १९६८ सालीं आंकड्यांवर चालणारा राउटर तयार केला. १९७१ सालीं सूक्ष्म-प्रक्रियक बाजारांत आला, आणि एकेकाळीं कपाटांत न मावणारा मेंदू कालांतरानें एका पेटींत बसूं लागला. जर्मनीतील होमाग (स्थापना १९६०) व इटलींतील पेसारो येथील बिएसे (स्थापना १९६९) या कारखान्यांनीं फर्निचरच्या धंद्यासाठीं अशीं यंत्रें जगभर पोहोंचविलीं.

जेथें नवीं यंत्रें गेलीं, तेथून कांहीं वर्षांनीं जुनीं बाहेर पडणें अपरिहार्य होतें. कधीं मालकाला अधिक वेगाचें यंत्र हवें असतें. कधीं कारखानाच बुडतो. अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलिना व व्हर्जिनिया हे प्रांत लांकडी सामानासाठीं नांवाजलेले होते. २००१ सालीं चीन जागतिक व्यापार संघटनेंत दाखल झाला आणि स्वस्त मालाचा लोंढा वाढला. २००५ सालीं अमेरिकेनें चिनी लांकडी शयनगृह-सामानावर जादा जकात बसविली. तरीहि तेथील अनेक कारखाने बंद पडले व त्यांची यंत्रसामग्री लिलावांत निघाली. लिलावाच्या मांडवांत एका गांवाची रोजी-रोटी मोडीत निघते, आणि त्याच मांडवांत दुसऱ्या गांवचा एखादा होतकरू कारागीर आपली सारी पुंजी लावून पहिलें यंत्र घेतो. या व्यवहाराचें गांभीर्य येथें आहे.

लिलावाची नेहमींची अट 'जसें आहे तसें, जेथें आहे तेथें' अशी असते. कायद्याचें जुनें सूत्रहि गिऱ्हाइकानें स्वतः सावध राहावें असेंच सांगतें. हिंदुस्थानच्या १९३० च्या मालविक्री कायद्यांतील सोळाव्या कलमांत हें तत्त्व आहे. परंतु त्याला अपवादहि आहेत. गिऱ्हाइकानें आपला हेतु सांगितला, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, आणि तसा माल विकणें हा त्या विक्रेत्याचा धंदाच असला, तर माल त्या हेतूस योग्य असण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येऊं शकते. यंत्रांच्या व्यापाऱ्यांनाहि पत राखण्याची गरज भासली. अमेरिकेंत १९४१ सालीं स्थापन झालेल्या त्यांच्या राष्ट्रीय संघानें सभासदांसाठीं नीतिनियम घालून दिले. अनोळखी माणसाकडून जुनें यंत्र घेणाऱ्याला असा आधार मोठा वाटतो.

कायदा मात्र झीज मोजीत नाहीं. ती गिऱ्हाइकालाच मोजावी लागते. रंग नवा असला म्हणून यंत्र नवें होत नाहीं. पात्याला एकाच बिंदूवर एकदां डावीकडून व एकदां उजवीकडून आणावें. दोन्ही वेळां मोजमापाचा कांटा एकच जागा दाखवील तर स्क्रू व दांते शाबूत आहेत. कांटा हलला, तर तेवढा ढिलेपणा प्रत्येक दारांत व प्रत्येक सांध्यांत उतरणार. मोटर पुष्कळ वेळ पूर्ण वेगानें चालवून तिचा आवाज व उष्णता पाहावी; पात्याच्या मुखाशीं डगमग आहे कीं काय, हेंहि तपासावें. हवा ओढून फळी धरून ठेवणाऱ्या मेजाची गळती पाहावी.

यानंतर मेंदूची परीक्षा. पुष्कळ जुन्या नियंत्रकांत यंत्राच्या मोजमापांचे आंकडे एका लहानशा बॅटरीच्या जोरावर टिकून असतात. यंत्र गुदामांत पडून राहिलें व बॅटरी संपली, तर ते आंकडे पुसले जातात, आणि निरोगी शरीर जागच्या जागीं मूढ होऊन बसतें. म्हणून त्यांची प्रत, मूळ पुस्तिका व विजेचे नकाशे मागून घ्यावे. अमेरिकेंतील यंत्र ६० आवर्तनांच्या विजेसाठीं बनलेलें असतें आणि हिंदुस्थानांत वीज ५० आवर्तनांची आहे, याचाहि विसर पडूं नये. परदेशांतून वापरलेलें यंत्र आणतांना त्याचें वय, उरलेलें आयुष्य व किंमत यांविषयीं सनदी अभियंत्याचा दाखला आपल्या जकातखात्यास द्यावा लागतो.

मेंदू निकामी झाला तरी सर्वस्व बुडालें असें नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक-संस्थेनें १९९० नंतरच्या दशकांत एक नियंत्रण-प्रणाली तयार करून लोकांस मोकळी केली. पुढें जगभरच्या हौशी जाणकारांनीं ती वाढविली आणि आज ती लिनक्ससीएनसी या नांवानें ओळखली जाते. साधा संगणक व नव्या मोटरी जोडून अनेकांनीं मोडीत निघालेलीं यंत्रें पुन्हां कामाला लावलीं आहेत. परंतु हा उपाय शरीर सरळ व मजबूत असेल तरच फळतो. वांकलेल्या रुळांवर कोणताहि मेंदू सरळ रेघ काढूं शकत नाहीं.

पार्सन्सच्या दोन मुठींपासून इतका प्रवास झाला. तरी व्यवहाराचें मूळ बदललेलें नाहीं. जो विक्रेता यंत्राबरोबर त्याचे आंकडे, पुस्तिका आणि त्याचे दोषहि गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करतो, तो खरोखर यंत्र विकतो. जो तें सारें झांकून ठेवतो, तो यंत्राच्या किंमतीला लोखंड विकतो. आणि तो फरक भरून काढतांना एखाद्या लहान कारागिराचीं उमेदीचीं वर्षें खर्ची पडतात.